१,१६४ गिटारींचा माणूस : जॉन डी'अँजेलिको

आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर जा, एक तरी गिटार सापडेलच. तिची एक तार तुटलेली असेल, ती नक्की कोणाची हे कोणालाच सांगता येणार नाही, पण सबमिशनच्या आदल्या रात्री ती हमखास वाजणार. फेंडर आणि गिब्सन ही नावं फर्स्ट इयरच्या पोरांनाही पाठ असतात. पण गिटारवाल्यांच्या दुनियेत आणखी एक नाव आहे, जे घेताना लोकांचा आवाज थोडा खाली येतो. ते म्हणजे जॉन डी'अँजेलिको. या माणसाने कधी फॅक्टरी काढली नाही, पेटंटच्या जोरावर पैसा केला नाही, स्टेजवर नाव कमावलं नाही. न्यूयॉर्कच्या एका गल्लीतल्या छोट्या दुकानात बसून त्याने आयुष्यभर गिटारी घडवल्या. त्याला जाऊन साठ वर्षं उलटली तरी त्या गिटारींची किंमत अजून उतरलेली नाही.

मी त्याच्या आयुष्याच्या मागे लागलो ते एका अगदी व्यवहारी प्रश्नामुळे. आम्ही गोराईचे. आमच्याकडे लग्न असो, ख्रिसमस असो, नाहीतर चर्चचा सण, बँड लागतोच. माझा मावसभाऊ अशाच एका बँडमध्ये गिटार वाजवतो. बोटीवरच्या नोकरीतून रिटायर झालेले एक अंकल आपली जुनी गिब्सन ईएस-१७५ विकायला निघाले आहेत. गिटार आतून पोकळ, म्हणजे हॉलो-बॉडी, इलेक्ट्रिक, साधारण १९७० च्या दशकातली. मागणी तीन लाखांची. भावाकडे तेवढी बचत आहे, पण तेवढीच आहे. मावशीचं म्हणणं, एवढे पैसे लाकडात घालण्यापेक्षा एफडीत ठेव. भावाचं म्हणणं, अशा गिटारीची किंमत कमी होत नाही, वाढतेच. मी इंजिनिअरिंगला आहे म्हणून निकाल माझ्याकडे आला! गिटारीची किंमत टिकते म्हणजे नेमकं काय टिकतं, हे शोधताना मी जॉनच्या दुकानापर्यंत पोचलो.

जॉनचा जन्म १९०५ चा, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या इटालियन वस्तीतला. इटलीहून आलेली माणसं तिथे दाटीवाटीने राहत. जो तो आपली कारागिरी सोबत घेऊन आलेला, कोणी शिंपी, कोणी सुतार, कोणी वाद्यं करणारा. जॉनच्या आजोबांच्या पिढीतले एक नातेवाईक, राफाएल चानी, व्हायोलिन, मँडोलिन आणि साध्या सपाट गिटारी बनवत. नऊ वर्षांचा जॉन त्यांच्या हाताखाली कामाला लागला. आपल्या मिरजेला सितार आणि तंबोरे बनवणारी घराणी आहेत. त्यांच्या कामाला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. तिथे पोरगं आधी मंगळवेढा-पंढरपूर भागातून आलेला भोपळा पारखायला शिकतं आणि मग कितीतरी वर्षांनी तारेला हात लावतं. न्यूयॉर्कची ती वर्कशॉप याहून फार वेगळी नव्हती. तिथेही पुस्तक नव्हतं, परीक्षा नव्हती. पटाशी, रंधा, सरस आणि शेजारी बसलेला म्हातारा, हाच सिलॅबस.

चानी वारल्यावर दुकानाची आणि कामगारांची जबाबदारी जॉनवर आली. ते काम त्याला आवडेना. लोकांवर देखरेख ठेवण्यापेक्षा स्वतः लाकडाला हात घालणं त्याला बरं वाटत होतं. १९३२ साली त्याने ४० केनमेअर स्ट्रीट या पत्त्यावर स्वतःचं दुकान उघडलं. साल बघा. १९२९ ला शेअर बाजार कोसळला होता, अमेरिकेत मंदी ऐन भरात होती, बँका बुडत होत्या. अशा वेळी महागड्या गिटारींचं दुकान काढणं म्हणजे प्लेसमेंट बंद पडलेल्या वर्षी मुद्दाम जॉब सोडण्यासारखं. पण त्याच काळात जॅझचे मोठे बँड जोरात होते आणि त्यातल्या गिटारवाल्यांची एक मोठी अडचण होती : त्यांचा आवाज कोणाला ऐकूच येत नसे.

इथे थोडं टेक्निकल. साध्या गिटारीचा वरचा पाट सपाट असतो. मागे ट्रंपेट आणि ड्रम चालू झाले की तिचा आवाज हरवतो. यावर उपाय म्हणून आर्चटॉप आली. तिचा वरचा पाट व्हायोलिनसारखा फुगीर असतो. स्प्रूसची जाड फळी आतून-बाहेरून कोरत कोरत तो फुगवटा काढायचा. बाजू आणि पाठ मेपलची. मधल्या गोल भोकाऐवजी दोन बाजूंना इंग्रजी एफच्या आकाराच्या फटी. तारा घोडीवरून जातात आणि घोडी त्या फुगीर पाटाला खाली दाबते. आवाज टोकदार निघतो आणि गर्दीतून वाट काढतो. गिब्सन कंपनीची १९२२ मध्ये आलेली एल-५ ही या जातीतली पहिली मोठी गिटार. जॉनच्या सुरुवातीच्या गिटारी तिच्याच वळणाच्या होत्या.

पण फॅक्टरीत पाट मापाने कोरला जातो, आणि जॉन तो हाताने कोरत होता. हा फरक आपण मेकॅनिकलवाल्यांनी तरी समजून घ्यायला हवा. स्प्रूसच्या दोन फळ्या कधीच सारख्या नसतात. एक कडक, एक मऊ. एकीचे रेषे जवळ जवळ, एकीचे लांब. दोन्ही एकाच जाडीला कोरल्या तर दोन वेगळे आवाज मिळणार. सारखा आवाज हवा असेल तर जाडी बदलली पाहिजे, आणि किती बदलायची हे ठोकून, वाकवून, कानाने ठरवावं लागतं. म्हणजे कंपनी माप पक्कं धरत होती आणि जॉन आवाज पक्का धरत होता.

शिवाय गिऱ्हाईक समोर बसलेलं असे. कोणाला मान बारीक हवी, कोणाला रुंद, कोणाला जास्त नक्षी. १७ इंच रुंदीची एक्सेल आणि १८ इंचांची न्यूयॉर्कर ही त्याची दोन खास मॉडेल्स. न्यूयॉर्करच्या माथ्यावर शिंपल्याच्या तुकड्यांत गगनचुंबी इमारत जडवलेली, टेलपीस जिन्याच्या पायऱ्यांसारखी. त्या काळच्या न्यूयॉर्कची सगळी ऐट त्या एका गिटारीत उतरली होती.

आता आकडा. १९३२ ते १९६४ या ३२ वर्षांत जॉनच्या नावावर १,१६४ गिटारी लागल्या. भागाकार करा : वर्षाला साधारण ३६, म्हणजे दहा दिवसांना एक. सोबत एक-दोन मदतनीस, अधूनमधून मँडोलिनही. एखादी मोठी कंपनी जे काम काही आठवड्यांत उरकेल त्याला याचं सगळं आयुष्य लागलं. आणि तो नोंद ठेवायचा. वह्यांमध्ये गिटारीचा नंबर, मॉडेल, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव. त्या वह्या आजही उपलब्ध आहेत. एखादी डी'अँजेलिको विकायला आली की आधी नंबर वहीशी ताडून बघतात. जॉनला कदाचित फक्त हिशोब ठेवायचा होता. पण गिटारींना त्यातून जन्मदाखला मिळाला.

मग वीज आली. १९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० ही इलेक्ट्रिक हॉलो-बॉडी बाजारात आणली. अँप्लिफायर आणि वायरीसकट किंमत १५० डॉलर, म्हणून नावात १५०. ओक्लाहोमाचा चार्ली ख्रिश्चन हा तरुण ती घेऊन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि गिटार मागच्या रांगेतून पुढे सरकली. १९४२ मध्ये, पंचविशीतच, टीबीने तो गेला, पण तोवर काम झालं होतं. आता गिटारीला मोठ्या आवाजासाठी फुगीर पाटाची गरज उरली नव्हती. मॅग्नेट आणि कॉइल होती.

जॉनसाठी ही चांगली बातमी नव्हती. पाट जितका मोकळा कंप पावेल तितकी गिटार चांगली, हे त्याच्या कामाचं सूत्र. इलेक्ट्रिकमध्ये नेमकं तेच नडतं. अँपचा आवाज वाढवला की स्पीकरमधली हवा पोकळ पेटीला हलवते, पेटी तारांना हलवते, तारांचा सिग्नल पुन्हा अँपमध्ये, आणि कंट्रोल सिस्टीमच्या लेक्चरमध्ये शिकवतात तसा फीडबॅक सुरू. कानाचे पडदे फाटायची वेळ! म्हणून कंपन्यांनी हॉलो-बॉडी इलेक्ट्रिक प्लायवूडच्या बनवायला घेतल्या. १९४९ ची ईएस-१७५ ही त्यातलीच. प्लायवूड कमी थरथरतं, फीडबॅक कमी देतं, शिवाय स्वस्त आणि साच्यात दाबून आकार देता येतो. कमी थरथरणं हाच तिथे गुण ठरला.

जॉनच्या बऱ्याच गिऱ्हाइकांनी मधला मार्ग काढला. पाटाला न कापता, पिकगार्डच्या बाजूला अलगद तरंगता पिकअप लावायचा. गिटार शाबूत, वीजही मिळाली. चेट अॅटकिन्सने मात्र आपल्या डी'अँजेलिको एक्सेलचा पाट कापून पिकअप आत बसवले आणि वर बिग्सबीचा व्हायब्रेटोही चढवला. एरवी असं केलं की संग्राहकाच्या लेखी गिटारीची किंमत पडते. पण ती चेट अॅटकिन्सची गिटार होती, त्यामुळे ते कापणंसुद्धा इतिहास झालं! बाकीच्यांनी ड्रिल मशीन लांबच ठेवावी.

आणि आता माझ्या भावाच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट. १९५० च्या दशकात लोक जॉनकडेही स्वस्तातली इलेक्ट्रिक मागू लागले. तेव्हा तो बाहेरच्या कारखान्यांतून तयार प्लायवूडच्या पेट्या आणायचा, त्यांना आपल्या हातची मान जोडायचा आणि द्यायचा. माथ्यावर नाव डी'अँजेलिकोच. पण या गिटारी त्याने वहीत लिहिल्या नाहीत. त्या १,१६४ मध्ये धरल्या जात नाहीत. नाव तेच, दुकान तेच, मानही त्याच हातची, तरी आज बाजारात या गिटारींची किंमत कोरीव गिटारींच्या जवळपासही जात नाही. म्हणजे जॉनच्या नजरेत ज्या दोन जाती वेगळ्या होत्या, त्या साठ-सत्तर वर्षांनंतर बाजारानेही वेगळ्याच ठेवल्या.

१९५२ मध्ये दुकानात सतरा वर्षांचा एक मुलगा आला. जेम्स डी'अक्विस्टो, सगळे त्याला जिमी म्हणायचे. स्वतः गिटार वाजवणारा. झाडलोट, सामान आणणं, मग पाट खरवडणं, असं करत तो तयार झाला. १९५९ च्या सुमारास जॉनला हार्ट अॅटॅक आला, जुना मदतनीसही सोडून गेला आणि दुकान काही काळ बंद पडलं. जिमीची नोकरी गेली. त्यानेच जॉनला पुन्हा दुकान उघडायला लावलं. पुढची वर्षं जॉनच्या थकलेल्या हातांचं बरंचसं काम जिमीच्या हातांनी केलं. नऊ वर्षांच्या जॉनला ज्या रीतीने विद्या मिळाली होती, त्याच रीतीने ती पुढे गेली.

बाहेर जमाना बदलत होता. १९५० पासून फेंडरच्या भरीव गिटारी आल्या होत्या. फीडबॅकचा प्रश्नच मिटला. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर आले. जॉर्ज हॅरिसनच्या गळ्यात ग्रेचची कंट्री जेंटलमन होती, चेट अॅटकिन्सच्या नावाने निघालेली. आता पोरांना फॅक्टरीतली गिटार हवी होती, ती पण लगेच. त्याच वर्षी, १ सप्टेंबर १९६४ ला, जॉन डी'अँजेलिको वारला. वय ५९. बाकावर दहा गिटारी अर्धवट पडल्या होत्या. त्या जिमीने पुऱ्या केल्या. १,१६४ हा आकडा त्या दहा धरून आहे.

जिमीने दुकान चालू ठेवलं, पण डी'अँजेलिको हे नाव वापरायचा हक्क त्याच्या हाती राहिला नाही. तेव्हा त्याने स्वतःच्या नावाने गिटारी बनवल्या आणि त्याही गुरूच्या तोडीच्या ठरल्या. १९९५ मध्ये तो गेला तेव्हा त्याचंही वय ५९ होतं. इकडे डी'अँजेलिको या नावाचा ट्रेडमार्क हातोहाती फिरला. त्या नावाच्या गिटारी पुढे जपान, कोरिया, इंडोनेशियातल्या कारखान्यांत बनल्या. आज दुकानात नवी डी'अँजेलिको मिळते, माथ्याची नक्षी तशीच, आणि वाजायला ती चांगली असू शकते. पण ती वहीतली नाही. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने इटालियन-अमेरिकन गिटार कारागिरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. तिथे काचेआड ठेवल्या त्या केनमेअर स्ट्रीटवाल्या.

आता हिशोब. अमेरिकेतल्या महागाईने १९३६ चे १५० डॉलर म्हणजे आजचे जवळजवळ साडेतीन हजार डॉलर. म्हणजे ईएस-१५० आज साडेतीन हजाराला विकली तर आकडा तेवीसपट दिसतो, पण खरी कमाई शून्य, किंमत फक्त टिकली. तोच हिशोब भावाला मांडून दिला. तीन लाखांच्या गिटारीने दहा वर्षांत नुसतं टिकायचं म्हटलं तरी ६ टक्के महागाईने ती ५ लाख ३७ हजारांना विकली गेली पाहिजे. ७ टक्क्यांच्या एफडीत तेच पैसे टॅक्सआधी ५ लाख ९० हजार होतात. शिवाय एफडी मोडायला बँकेत जावं लागतं, पण हॉलो-बॉडी विकायला आधी तिची कदर असणारा माणूस शोधावा लागतो, आणि मुंबईत असे लोक मोजकेच.

दुसरी गोष्ट हवेची. जॉनच्या अनेक गिटारींच्या कडांची पट्टी आणि पिकगार्ड सेल्युलॉइडचं आहे. हे प्लास्टिक म्हातारपणी कुजतं, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि जवळचा धातू गंजतो. बंद पेटीत जपून ठेवली तर वाफ आतच कोंडते, म्हणजे जपणंच अंगाशी येतं. ईएस-१७५ ला हा त्रास कमी, पण गोराईला खाडी आणि समुद्र दोन्ही उंबऱ्याशी. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चामडी बुटांवर बुरशी धरते. तिथे तारा, खुंट्या, पिकअपचे स्क्रू यांचं काय होणार हे सांगायला नको. सिलिका जेल, स्वस्तातला हायग्रोमीटर आणि आठवड्यातून एकदा पुसणं, हा खर्चही किमतीत धरायचा.

तिसरं, बघायचं काय. सिरीयल नंबर गिब्सनच्या नोंदीशी जुळतो का. मानेचं माथं कधी तुटून चिकटवलेलं आहे का (गिब्सनचं हे ठरलेलं दुखणं). पिकअप आणि खुंट्या मूळच्या आहेत का. पॉलिश पुन्हा मारलंय का. मान सरळ आहे का. मूळ सामान जितकं शाबूत, तितकी किंमत शाबूत. आणि ईएस-१७५ ही हजारोंनी बनलेली फॅक्टरीची चांगली गिटार आहे. तिला भाव आहे, तो जगभर माहीत आहे, ती कवडीमोल होणार नाही. नवीन घेतली तर दुकानाच्या पायरीवरच काही किंमत पडते, तो फटका अंकलने कधीच सोसून झालाय. पण ती खजिना नाही. ती वाजवण्यासाठी घ्यायची वस्तू आहे. बँडच्या कामातून ती दोन-तीन वर्षांत आपले पैसे काढत असेल तर घे, फक्त ठेवून वाढवायची असेल तर मावशी बरोबर आहे. एवढं मी लिहून दिलं. घासाघीस आता त्याची आणि अंकलची.

जॉनच्या गिटारी मात्र त्या दुसऱ्या वर्गातल्या, आणि त्यांची किंमत वाढली याची कारणं सरळ आहेत. संख्या कायमची बंद झाली. बनवणारा एक. नोंद लेखी. शिष्याने दर्जा सांभाळला. आणि मुळात त्या वाजतात. यातलं शेवटचं नसतं तर आधीच्या चारांना कोणी विचारलं नसतं. यातलं एकही कारण जॉनने किंमत वाढावी म्हणून घडवून आणलं नव्हतं. आज एखादी न्यूयॉर्कर हजारो डॉलर्सना विकली जाते तेव्हा तो पैसा मालकाचा, दलालाचा, लिलाव करणाऱ्याचा. जॉनला त्याच्या गिटारीचे पैसे एकदाच मिळाले, ती दुकानाबाहेर गेली त्या दिवशी, आणि त्याने लगेच पुढची फळी उचलली असणार, कारण दहा दिवसांत एक हा वेग होता.

मित्रांनो, आपणही चार वर्षांनी काहीतरी बनवायला बाहेर पडणार. आपल्याला शिकवतात ते टॉलरन्स, कॉस्ट, व्हॉल्यूम. ते लागतंच, त्याशिवाय ईएस-१७५ झाली नसती आणि गोराईच्या पोराच्या हाती गिब्सन कधी आली नसती. पण केनमेअर स्ट्रीटच्या त्या वहीत कुठली गिटार लिहायची आणि कुठली नाही, हे एका माणसाने रोज स्वतःशी ठरवलं. बिना वहीची गिटारही विकली जात होती आणि त्याच नावाने. तरी त्याने ती लिहिली नाही.